आप्पा, परवानगीची पत्रं प्रबंधाला जोडली

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. ऋणनिर्देशात तुम्हाला दोनच ओळी आल्या, म्हणून हे जाहीर पत्र.

कानबाई या खानदेशातल्या लोकदेवीच्या गाण्यांवर लिहायचं तर त्या गाण्यांच्या जुन्या संग्रहातली रेखाटनं हवीतच: चौरंगावरचा नारळ, त्याला नथ, डोळे. "खाली पुस्तकाचं नाव टाक, झालं," असं ज्याने त्याने सांगितलं होतं. तुम्ही पुस्तक उघडलं आणि म्हणालात, "नाव लिखं म्हंजे परवानगी भेटनी अस नही, पोरी." चार ओळी घेऊन त्यांवर चर्चा करणं वेगळं, पानभर चित्र जसंच्या तसं छापणं वेगळं. त्यात प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाणार, म्हणजे जगाला खुला.

गाणी पिढ्यान्‌पिढ्यांची, पण टिपा आणि मांडणी संग्राहकाची. ते जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत, म्हणजे कॉपीराइट वारसांकडे. बहिणाबाईंचं गणित निराळं, हेही तुम्हीच समजावलंत. त्यांच्या कविता त्यांच्या माघारी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आल्या. तिथे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजायची, ती २०१२ अखेर संपली.

मग तुम्ही भिंग काढलंत. चित्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढी सही! चित्रकार वेगळा, म्हणजे परवानगीही वेगळी. मी तर पुस्तक वर्षभर चाळत होते.

प्रकाशन कधीच बंद पडलेलं. वारस तुम्ही ओळखीपाळखीतून शोधलेत. माझ्या पत्रातली स्तुती खोडून नेमकं लिहायला लावलंत: कोणत्या पानावरचं चित्र, कशासाठी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही प्रतींत, विक्री नाही, श्रेय कसं देणार. खाली सहीला जागा. "वेगळं पत्र लिहायला कोण बसतंय?" असं तुमचं म्हणणं. फोनवर होकार मिळाला तरी सही घेतल्याशिवाय तुम्ही मला सोडलं नाहीत. चित्रकारांच्या लेकीची अट एकच, वडिलांचं नाव पूर्ण छापा. छापलंय.

दुसऱ्या एका पुस्तकातल्या चित्राबद्दल उत्तरच आलं नाही. उत्तर नाही म्हणजे होकार नाही, असं तुम्ही बजावलंत. मग श्रावणात काकूंच्या घरच्या कानबाईचा फोटो त्यांना विचारून मीच काढला. खरं सांगू? चित्रापेक्षा तोच बरा आलाय.

बांधणी झाली की प्रत घेऊन येते. सह्यांची पत्रं परिशिष्टात आहेत, तपासून घ्या.

तुमची,
ग्रंथालयात सगळ्यात शेवटी उठणारी विद्यार्थिनी