'पंखे कमी का?' विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

आमच्या आराखड्यावर तुम्ही लाल पेनाने मारलेला पहिला शेरा होता, 'पंखे कमी का?' कॉम्प्युटर पाणी खेळवून थंड करायचा, तो शांत हवा आणि आतून नीटनेटका दिसायला हवा, असं ठरलं की जो तो पंखे कमी करायला निघतो. आम्हीही तेच केलं होतं. तुमच्या तीन शब्दांनी आराखडा उलटा झाला. तुम्ही प्रत्येक शेऱ्याखाली कारणही लिहिलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. तुमच्यासोबत ते आणखी कुणी वाचलं तर त्यांचाही पत्रा आणि पैसा वाचेल, म्हणून ते उघडं ठेवलं आहे. कुठे चुकलं असेल तर पुन्हा लाल पेन चालवा.

पंख्यांचं गणित तुम्ही मांडलंत ते असं. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. शेजारी तसाच दुसरा पंखा लावला तर तो फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांचा एक पंखा काढून ६०० फेऱ्यांचे दोन बसवले, तर एकूण हवा जवळपास तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर हा सौदा फारच स्वस्तातला. प्रोसेसरचे १२० आणि ग्राफिक्स कार्डाचे २८० मिळून ४०० वॅट उष्णता बाहेर टाकायची आहे. संथ पंख्याला १२० मिलिमीटरच्या एका घराला (म्हणजे एका पंख्याच्या जागेला) १०० वॅट हा ठोकताळा धरला तर चार घरं पुरतात. तुम्ही पाच लिहिलीत: वर तीन घरांचा ३६०चा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी), पुढे दोन घरांचा २४०चा. तेही विरळ पात्यांचे, इंचाला १० ते १६ पाती असलेले. इंचाला २५-३० पात्यांचा रेडिएटर कागदावर जास्त ताकदीचा दिसतो, पण त्यातून हवा ढकलायला पंखा जोरात पळवावा लागतो. मग पाणी खेळवण्याचा खटाटोप केलाच कशाला?

पण पाच घरं बसवायची कुठे? इथून तुमचा खरा विषय सुरू झाला, कॅबिनेटचा पत्रा.

३६०चा रेडिएटर ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ३९० ते ४०० भरतो. जाडी ३० आणि पंख्याची २५, म्हणजे छताखाली ५५ मिलिमीटर मोकळे हवेत, तेही मदरबोर्डच्या वरच्या काठावरचे हीटसिंक (उष्णता पसरवणारे धातूचे ठोकळे) आणि प्रोसेसरच्या वायरीचं कनेक्टर सोडून. तुम्ही पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा रेडिएटर करून आत धरायला लावलंत. पुठ्ठा कापायला दहा मिनिटं लागतात, आणि चुकीच्या जागी कापलेला पत्रा काही परत जुळत नाही. पुठ्ठ्याला फिटिंगची (नळी जोडायच्या तोंडाची) उंचीही चिकटवायची, ही बारीक सूचना विशेष आवडली. रेडिएटर नेमका बसतो आणि नळी वळायला जागाच उरत नाही, असं हमखास होतं.

कापण्याआधी कॅबिनेट पूर्ण रिकामं, एसएमपीएससुद्धा (वीजपुरवठ्याचा डबा) बाहेर. मास्किंग टेप लावून खुणा टेपवर करायच्या, म्हणजे रंगावर ओरखडे जात नाहीत. १२०च्या पंख्याच्या स्क्रूंची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिलिमीटरवर आणि शेजारच्या पंख्याच्या पहिल्या भोकापर्यंत १५. १४०च्या पंख्याला हेच माप १२४.५ असतं, दोन्हींची गल्लत करू नये. खुणेवर सेंटर पंचचा हलका ठोका, मग ३ मिलिमीटरचा ड्रिल आणि शेवटी ४.५चा. हवेसाठी ११६ मिलिमीटरचा गोल. होल सॉ मिळाला तर उत्तम, नाही तर जिगसॉला धातूचं बारीक दातांचं, इंचाला निदान २४ दातांचं पातं. एक मिलिमीटरच्या पत्र्याला मोठे दात अडकतात, पत्रा थरथरतो आणि कड वाकते. खाली लाकडी फळी घट्ट आवळली की थरथर जाते. वेग कमी, तेलाचे दोन थेंब. नंतर गोल कानस, मग पॉलिश पेपर, उघड्या लोखंडावर प्रायमर आणि कडेला रबराची पन्हळपट्टी.

'चुरा हा शत्रू' असं तुम्ही ठळक लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्यात. मदरबोर्डखाली गेलेला लोखंडाचा एक कण दोन पायांमध्ये पूल बांधतो आणि शॉर्ट सर्किट होतं. म्हणून चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कानाकोपऱ्यातून फिरवायचं आणि पिशवी उलटी करून चुरा टाकायचा. ॲल्युमिनियमचा चुरा चुंबकाला लागत नाही, त्याला ओलं फडकं आणि ब्रशच. कॅबिनेट धुतलं तर पूर्ण वाळेपर्यंत आत काही बसवायचं नाही.

आता हा कापाकापीचा उद्योग शांततेसाठी का, हे पुष्कळांना कळत नाही. कारखान्यातून येणारी ठोकीव जाळी पंख्याला चिकटून असते. बरीच हवा अडते आणि उरलेली शिट्टी मारत जाते. अडथळा हवा ओढण्याच्या बाजूला असला तर आवाज जास्तच. जाळी कापून काढली आणि धुळीचा फिल्टर पंख्यापासून सुमारे २० मिलिमीटर पुढे सरकवला की त्याच वेगाला पंख्याचा सूर बदलतो. एक पैचाही नवा भाग न घेता मिळणारी ही सुधारणा आहे, आणि नेमकी हीच सगळे टाळतात.

स्क्रूंबद्दलचा तुमचा शेरा वाचून तर अंगावर काटा आला. पत्रा १, पंखा २५, रेडिएटरमध्ये ४ असा हिशोब धरला तर एम ३ जातीचा ३० मिलिमीटरचा स्क्रू बरोबर बसतो. स्क्रू थोडा लांब घेतला की तो दीड-दोन मिलिमीटर जास्त आत उतरतो, आणि काही रेडिएटरांत भोकाखाली थेट पाण्याची चपटी नळीच असते. तिला टोचलं की रेडिएटर गेला. भोकात आधी लाकडी काडी घालून खोली मोजायची, आणि स्क्रू जड जायला लागला की थांबायचं. तुमची काडी आता अवजारांच्या डब्यात कायमची आहे.

धातूंच्या बाबतीत तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि ती पुरते: तांबं, पितळ, निकेल चालेल, ॲल्युमिनियम पाण्याला लागता कामा नये. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या (चिपवर बसून तिची उष्णता पाण्याला देणाऱ्या ठोकळ्याच्या) बारीक खाचांत जाऊन बसतो.

नवा रेडिएटर आतून स्वच्छ असतो हाही एक गोड गैरसमज. डाखकामातला फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेलं रसायन) आत उरलेला असतो. कोमट डिस्टिल्ड वॉटर अर्धं भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून पाच मिनिटं हलवायचं, पांढऱ्या भांड्यात ओतून बघायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत हेच पुन्हा. पाच-सहा वेळा लागतात.

फिटिंग जी १/४ आट्यांची. नळकामाच्या सवयीने इथे टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह होतो. पण इथे पाणी अडवते ती ओ-रिंग (रबराची कडी), आटे फक्त तिला दाबून धरतात. त्यामुळे हाताने घट्ट आणि वर फार तर पाव फेरा. पान्याने करकचून आवळलं तर ओ-रिंग फुगून बाहेर येते किंवा ॲक्रिलिकला तडा जातो. कडक नळी वापरणाऱ्याने तिचं कापलेलं टोक गोलसर घासलं पाहिजे, नाही तर ती धार फिटिंगमधल्या ओ-रिंगला कापते आणि गळती आठवड्याने उगवते. तुम्ही कडक नळीऐवजी आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची काळी ईपीडीएम रबराची नळी सुचवलीत. साध्या पीव्हीसी नळीला मऊ ठेवणारं द्रव्य कालांतराने पाण्यात उतरतं, नळी धुरकट होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो. रबराला ती भानगड नाही. शिवाय ते पंपाची कंपनं पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. दिसायला कडक नळी देखणी, हे मान्य. पण आतला नीटनेटकेपणा काचेसारख्या नळीतून येत नाही, रेषा समांतर ठेवल्याने येतो.

त्यासाठी भाग कुठल्या क्रमाने जोडायचे याची चिंता तुम्ही एका आकडेमोडीत संपवलीत. मिनिटाला १ लिटर वाहणारं पाणी १ अंशाने तापायला साधारण ७० वॅट लागतात. मिनिटाला ४ लिटर वाहत असेल तर ४०० वॅटने पाणी एका फेरीत दीड अंशाच्या आसपासच चढतं. तेव्हा प्रोसेसरनंतर रेडिएटर हवाच असा हट्ट धरून नळ्यांचं जाळं विणू नये, जवळचं जवळच्याला जोडावं. क्रमाचा नियम एकच, टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्या वर. डी ५ जातीच्या पंपाच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, तो कोरडा क्षणभरही फिरवायचा नाही. दुसरी अट अशी की प्रोसेसरच्या ब्लॉकला 'आत' लिहिलेल्या तोंडातूनच पाणी द्यायचं. सगळ्यात खालच्या जागी टी (तीन तोंडांचा सांधा) आणि पाणी सोडायला बॉल व्हॉल्व्ह. तो नसेल तर पाणी बदलताना अख्खं यंत्र उलटं करावं लागतं.

पंप वेगाच्या पाच खुणांपैकी दुसरीवर. पाचवीवर प्रवाह वाढतो, तापमान एखाद्या अंशाने उतरतं आणि गुणगुण मात्र खोलीभर होते. पंपाखाली जाड मऊ फोमचा तुकडा, आणि त्याचे स्क्रू पत्र्याला टेकणार नाहीत असे. बाजूच्या मोठ्या पत्र्यांना आतून बिटुमेनची जड चादर. नुसता पातळ फोम घरघर अडवत नाही, तिथे वजनच लागतं.

ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकसाठी थर्मल पॅडची (चिप आणि ब्लॉक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी कंपनीने दिली तीच, ०.५ मिलिमीटरला ०.५ आणि १ला १. पॅड जाड झाला की ब्लॉक मधल्या चिपला टेकत नाही, आणि पाणी गार असूनही चिप क्षणात ९० अंशांच्या घरात जाते. हे लक्षण तुम्ही आधीच लिहून ठेवलंत, त्यामुळे दोष पंपात शोधण्याची वेळ येत नाही. मूळ पंखे गेल्यावर मदरबोर्डच्या वीजभागावरची वाऱ्याची झुळूकही जाते, हा इशाराही मोलाचा. त्या दिशेने एक संथ पंखा हवाच.

गळतीची तपासणी आधी हवेने. ०.५ बारपर्यंत दाब, त्याहून जास्त नाही, आणि ३० मिनिटं काटा बघायचा. मऊ नळी ताणते म्हणून सुरुवातीला काटा थोडा उतरतो. पुन्हा भरून मगच वेळ धरायची. मग पाणी, आणि तेव्हा वीज फक्त पंपाला. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या प्लगमधली १६वी पिन, जुन्या सप्लायमध्ये हिरवी वायर, कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की सप्लाय चालू होतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. दहा-पंधरा सेकंद चालू, मग बंद, टाकी भरा, पुन्हा चालू. कॅबिनेट चारही बाजूंना कलतं करत राहिलं की रेडिएटरच्या टाकीत दडलेले बुडबुडे निघतात. ते असेपर्यंत पंप खुळखुळतो, आणि पंपच खराब आहे असं वाटून माणूस तो बदलायला निघतो. २४ तास टिश्यू कोरडा राहिला तरच पुढे.

पाण्यात रंग नको, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. दुधाळ रंग तर खाचांत साचतोच. डिस्टिल्ड वॉटर, गंज रोखणारं आणि शेवाळ रोखणारं द्रव्य बाटलीवरच्या प्रमाणात, आणि वर्षातून एकदा बदल. पंख्यांना हुकूम प्रोसेसरच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानाने. प्रोसेसर सेकंदात २० अंश उडी मारतो आणि पंखे धापा टाकतात. पाणी सावकाश तापतं. १० किलोओहमचा सेन्सर फिटिंगमध्ये, ३२ अंशांपर्यंत ५०० फेऱ्या, ४० अंशांना ९००. पंपाची वीज मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनांवरून घ्यायची नाही, त्या सहसा १ अँपियरच्याच असतात आणि डी ५ जोरात असताना त्याहून जास्त ओढतो. फेऱ्या मोजणारी वायर मात्र प्रोसेसर फॅनच्या पिनांवर, म्हणजे पंप थांबला तर यंत्र बोंब मारतं.

वायरींबद्दल थोडक्यात: एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावू नयेत. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्क जळते.

एक आवाज उरला आहे. पंखे ५००वर आल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या कॉइलची चिरचिर ऐकू येते. ती पाण्याने जात नाही. स्क्रीनवर सेकंदाला येणाऱ्या फ्रेमना (चित्रांना) मर्यादा घातली की कमी होते. तुमच्या शेऱ्यांत याचा उल्लेख नव्हता, बहुधा तुम्ही ती आम्हाला सापडावी म्हणून सोडली असावी.

तुमचा दाब तपासायचा हातपंप सोबत परत पाठवत आहोत. त्याच्या तोंडाची ओ-रिंग चपटी झाली होती, ती बदलली आहे. दोन जादा ओ-रिंगा डब्याच्या झाकणात आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले,
लाल शेऱ्यांचे ऋणी