दगड चांगला, जागा चुकीची

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की मुंबईतल्या सोसायट्यांत लॉबी, जिने आणि घरांतल्या फरश्या बदलायची कामे निघतात. दिवाळीच्या आत आटोपायचे म्हणून घाई असते. पुरवण्यांमधून या दिवसांत घरसजावटीवर भरपूर छापून येते. पण दगडाचा रंग आणि भाव यापलीकडे मजकूर सहसा जात नाही. दगड कशाचा बनला आहे हे कुणी विचारत नाही आणि वर्षभराने 'माल खराब निघाला' म्हणून दुकानदाराशी वाद सुरू होतो. बहुतेक वेळा माल खराब नसतो, चुकीच्या जागी बसवलेला असतो.

संगमरवर, कोटा, कडाप्पा, शहाबाद हे सगळे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याच्या कुळातले दगड. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडक नव्याने स्फटिकरूप झाला की त्याचा संगमरवर होतो. कठीणपणाच्या मोह्‌ज मोजपट्टीवर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) तो 3 वर येतो. ग्रॅनाइट क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांचा, कठीणपणा 6 ते 7. सुरीचे पोलाद साधारण साडेपाच. त्यामुळे सुरीच्या टोकाने संगमरवरावर चरा उठतो, ग्रॅनाइटवर उठत नाही. चपलेबरोबर घरात येणारी रेती क्वार्ट्झची असते, म्हणून संगमरवरी फरशीची चकाकी सर्वांत आधी दारापाशी जाते. तिथे जाड पायपुसणे ठेवणे हा पॉलिशपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

काळा कडाप्पा आणि काळा ग्रॅनाइट दिसायला जवळचे, स्वभावाने अगदी वेगळे. नमुन्याच्या मागच्या, पॉलिश नसलेल्या बाजूवर लिंबाचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. चुन्याच्या दगडावर बारीक बुडबुडे येतात किंवा निदान फिकट डाग उरतो. ग्रॅनाइटला काही होत नाही. पॉलिश बाजूवर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस घासा. कापूस काळा झाला तर रंग वरून चढवलेला आहे. संगमरवर किती पाणी पितो हेही घरीच कळते. साधारण 500 ग्रॅमचा कोरडा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून 24 तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. भारतीय मानक आयएस 1130 नुसार संगमरवराने वजनाच्या 0.4 टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये, म्हणजे वाढ 2 ग्रॅमच्या आत हवी. राजस्थानातल्या मकरान्याचा चांगला संगमरवर यात सहज बसतो. ताजमहालाला आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला वापरला तोच हा दगड. 'इटालियन' म्हणून विकला जाणारा सगळा माल इटलीचा नसतो, तुर्कस्तान, स्पेन, ओमानहूनही येतो. त्यात वाईट काही नाही, पण बिलावर खाणीचे किंवा देशाचे नाव मागायला संकोच कसला?

आता ओटा. चिंच, लिंबू, टोमॅटो, कोकमाचे आगळ हे सगळे आम्ल, आणि आम्ल चुन्याच्या दगडाला खाते. सोलकढीचा पेला संगमरवरावर अर्धा तास राहिला की खाली मंद गोल उमटतो. लोक त्याला डाग समजून घासत बसतात. तो डाग नसतोच. तिथला वरचा पातळ थर विरघळून गेलेला असतो, त्यामुळे तो कुठल्याही साबणाने निघत नाही, फक्त पुन्हा पॉलिश करून निघतो. सीलर, म्हणजे दगडाची छिद्रे बुजवणारा द्रव, लावला की ही भीती नाही, असे विक्रेते सांगतात. तेही खरे नाही. सीलर छिद्रांत शिरून तेल आणि रंग आत जाऊ देत नाही, पृष्ठभागावरचे आम्ल तो अडवू शकत नाही. ओट्याला ग्रॅनाइटच बरा. कडाप्पा घ्यायचाच तर मांडणीच्या फळ्यांसाठी घ्या.

देवघराचा संगमरवर पंचामृतातल्या दह्याने मंद होतो, समईच्या तेलाने काळवंडतो आणि हळद-कुंकवाने रंगतो. तीन त्रासांचे तीन उपाय. दह्याच्या जागी पॉलिश. तेलासाठी मुलतानी माती अ‍ॅसिटोनमध्ये कालवून पेढ्याइतकी घट्ट करा, पाव इंच जाड थापा, वरून प्लास्टिक चिकटवा, 24 तासांनी प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. तेल बाहेर ओढले जाते ते वाळताना, त्यामुळे ओला लेप पुसून टाकला तर श्रम फुकट. अ‍ॅसिटोन पेट घेते. समई विझवून, खिडकी उघडी ठेवूनच हे करावे. हळदीचा डाग उन्हाने बराच फिकट होतो. उरला तर खायचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा असाच लेप. मुळात समईखाली पितळेची ताटली ठेवली तर यातले निम्मे काम वाचते.

'फरशी पुसायच्या पाण्यात व्हिनेगर घाला' हा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. टाइल्सवर ते चालून जाते. संगमरवर आणि कोट्यावर रोज थोडे थोडे झीज करणारे आम्ल फिरवल्यासारखे आहे. संडास स्वच्छ करायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते उंबरठ्यावर सांडले की पांढरी खरबरीत खूण कायमची. सर्वांत मोठे नुकसान मात्र काम संपताना होते. सिमेंटचे शिंतोडे काढायला मिस्त्री अ‍ॅसिडची बाटली उघडतो आणि नव्या कोऱ्या लादीचे पॉलिश पाच मिनिटांत उतरवतो. शिंतोडे ओले असतानाच ओल्या फडक्याने पुसायचे, सुकलेले लाकडी पट्टीने किंवा प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचे. कामाच्या करारात 'अ‍ॅसिड वापरणार नाही' ही ओळ लिहून घ्यावी.

लादी बसवताना लक्ष कुठे द्यायचे? पांढऱ्या किंवा फिकट संगमरवराखाली पांढऱ्या सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेला पातळ थर) हवी, नाहीतर राखाडी छटा वर दिसते. खालचा माल, म्हणजे सिमेंट-रेतीचे मिश्रण, एक भाग सिमेंटला चार भाग रेती असा, सरासरी 20 ते 30 मि.मी. जाड. रेती खाडीची, खारी असेल तर ते क्षार ओलीबरोबर वर येऊन पांढरी भुकटी उमटते, पुढे कडा फुगून सुटतात. मागे फायबरची जाळी असलेल्या स्लॅबवर साधा सिमेंट माल नीट धरत नाही, कारण जाळीवर रेझिन (प्लास्टिकसारखा घट्ट होणारा चिकट पदार्थ) असते. तिथे शिफारस केलेले अ‍ॅडहेसिव्हच लागते. हिरवा 'मार्बल' बहुतेकदा सर्पेंटाइन खनिजाचा असतो. पाण्याचा माल लागला की पातळ लादी वाकते, म्हणून त्याला पाणी नसलेला इपॉक्सी गोंद. बसवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाण्याने प्रत्येक लादी ठोकून पाहा. पोकळ वाजली ती तेव्हाच उचलायची, पॉलिशनंतर नाही.

पॉलिशआधी लादी जपायला प्लास्टिक अंथरून वर पीओपी ओततात. खाली ओल असताना प्लास्टिक घातले की ती कोंडते आणि पांढरा दगड पिवळट पडतो. पुठ्ठा किंवा गोणपाट घातले तर त्यांचाच रंग उतरतो. मुंबईच्या दमट हवेत ओल जायला आठवडे लागतात, म्हणून सीलर आणि इपॉक्सी सांधे सर्वांत शेवटी.

जुन्या इमारतींसाठी एक मुद्दा याहून गंभीर आहे. तोडफोडीचा आवाज आणि डेब्रिज टाळायला जुन्या फरशीवरच नवी बसवतात. 18 मि.मी. संगमरवराचे वजन चौरस मीटरला सुमारे 49 किलो, खालच्या 30 मि.मी. मालाचे साठ किलोच्या वर. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत हा सुमारे सव्वा टन जादा बोजा झाला, तोही कायमचा. गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर हे करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचे लेखी मत घ्यावे. सोसायटीनेही त्याशिवाय परवानगी देऊ नये.

जिन्याला आणि पोर्चला आरशासारखा ग्रॅनाइट लावण्याची हौस पावसात महागात पडते. ओल्या छत्र्या आणि रबरी चपला घेऊन माणसे त्यावरूनच चढतात. तिथे फ्लेम फिनिश ग्रॅनाइट किंवा पॉलिश न केलेला कोटा घ्या, पायरीच्या धारेला दोन-तीन खाचा पाडा. फ्लेम फिनिश ग्रॅनाइटलाच जमते: ज्वालेने क्वार्ट्झ फुगतो आणि वरचे कण उडून पृष्ठभाग खरखरीत होतो. लिफ्टभोवतीच्या भिंतीवर अ‍ॅडहेसिव्हचे पाच ठिपके लावून लादी चिकटवतात; ते बंद करून दातेरी थापीने पूर्ण पाठ भरायला लावावी. बाहेरच्या दर्शनी भिंतीवर स्टीलच्या क्लॅम्प्सशिवाय दगड नकोच, आणि समुद्राजवळ ते क्लॅम्प खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टीलचे हवेत.

राहिली धूळ. ग्रॅनाइटमध्ये मोकळी सिलिका (क्वार्ट्झ ज्याचा बनतो तो पदार्थ) बरीच असते, क्वार्ट्झची पूड रेझिनमध्ये घट्ट करून बनवलेल्या कृत्रिम दगडाच्या ओट्यात तर बहुधा 90 टक्क्यांपर्यंत. कोरड्या कटरने कापताना उडणारी ही बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा कृत्रिम दगड वापरायलाच बंदी घातली. आपल्याकडे मजुराच्या तोंडाला रुमाल बांधलेला असतो आणि कापणे जिन्याच्या वळणावर चालते. ओट्याचे मोजमाप आधीच देऊन कापकाम, सिंकचे भोकसुद्धा, कारखान्यात पाण्याखाली करून आणायचे. जागेवर कापावेच लागले तर पात्यावर पाण्याची धार आणि मजुराला एन 95 मास्क, एवढे कमिटीने कंत्राटदाराच्या बिलात वेगळे पैसे धरून करून घ्यावे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता
दादर, मुंबई