आंघोळीचं पाणी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवरच बोलले असते, पण बाबा अजूनही दोन मिनिटांत 'ठेव आता, बिल येईल' म्हणतात. म्हणून पत्र.

दिवाळीत आई भाकर थापत होती, तेव्हा तिच्या बांगड्या पार कोपराकडे घसरत होत्या. मागच्या वर्षी त्याच बांगड्या मनगटावरून हलत नव्हत्या. बाबा, तुम्ही कापसाच्या गाठोड्याची गाठ आवळता आवळता सोडलीत आणि म्हणालात, 'तू मार.' फाट्यापर्यंत जाताना पुलावर दोनदा टेकलात. सगळे म्हणाले, वय झालं. मीही म्हणाले, आणि त्याचीच लाज वाटते. नागपुरात दिवसभर मी दुसऱ्यांच्या आई-बापांच्या हाताची पकड मोजते, घड्याळ लावून त्यांची चाल बघते! वजन आपोआप उतरणं, थकवा, ढिली पकड, मंद चाल, हिंडणं-फिरणं कमी. या पाचांतली तीन दिसली की आम्ही कागदावर 'फ्रेल' लिहितो. 2001 पासून ही मोजणी चालत आली आहे. आपण त्याला खंगणं म्हणतो.

वयाने माणूस खंगतोच, पण धुरात राहणारी म्हातारी माणसं जास्त खंगलेली दिसतात, असं बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत आढळलंय. धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे. ते नाकात अडत नाहीत, पार फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तात उतरतात. मग राखेखाली विस्तव राहावा तशी अंगात सूज धुमसत राहते. ताप नाही, दुखणं नाही, पण दंड-मांड्या उतरत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची वर्षाची मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाची 40 आहे. बंद खोलीत चूल पेटली की आकडा शेकड्यांत जातो.

वणी रोडवरचे कोळशाचे ट्रक आपल्या हातात नाहीत. रस्त्याकडच्या तासांतला कापूस काळपट निघतो नि व्यापारी भाव पाडतो, हे बाबांना मी काय सांगणार. पण तीच धूळ वेचताना तुम्ही ओढता, ते कोणी तोलत नाही.

न्हाणीची चूल मात्र आपल्या हातात आहे. आई, गॅसवर तू चहा नि भाजी करतेस, आंघोळीचं पाणी अजून पहाटे पाचला कापसाची वाळकी पऱ्हाटी घालून तापवतेस. थंडीत धूर वर चढत नाही, कवेलूखालीच लोळतो, आणि बाबा तिथेच शेकत बसतात. सिलिंडरचे पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. भरिताची वांगी तेवढी तुराट्यांवरच भाजायची, ती सूट मला स्वतःलाच हवी आहे, पण अंगणात.

बाबा, बोंडअळीसाठी पऱ्हाटी वेळेत काढायलाच हवी, मान्य. पण धुऱ्यावर ढीग लावून पेटवू नका. ट्रॅक्टरचा श्रेडर भाड्याने मिळतो, चुरा वावरातच कुजतो.

रविवारी पकड मोजायचं यंत्र घेऊन येते. आधी बाबा, मग आई, दोन्ही हात, तीन-तीनदा. सकाळच्या एसटीने निघते, आंघोळ घरीच करीन. पाणी गॅसवर ठेव.

तुमची,
बेबी