प्रतिकारशक्ती वाढवण्याचा सल्ला सर्वांना नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नियामक टी पेशींवरील, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींवरील, संशोधनाबद्दल मेरी ब्रुंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हापासून ‘मल्टिपल स्क्लेरोसिस आता बरा होणार’ असा सूर ऐकू येतो. माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार असल्याने काही गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

या आजारात शरीराच्याच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या संरक्षक आवरणावर हल्ला चढवतात. अशा पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. त्यांना आवर घालणाऱ्या पेशींची ओळख साकागुची यांनी १९९५ मध्ये पटवून दिली. मग रुग्णांत या आवरणाऱ्या पेशी कमी असतात काय? अमेरिकेत डेव्हिड हाफलर यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांची संख्या निरोगी व्यक्तींइतकीच आढळली. उणी पडली ती इतर पेशींना रोखण्याची त्यांची क्षमता.

एवढ्यावरून औषध हाती आले असे मात्र मानू नये. या आजारावरील डॅक्लिझुमॅब या औषधाने नियामक पेशी उलट घटत, तरीही आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण कमी होई, आणि त्याचे श्रेय संशोधकांनी वाढलेल्या नैसर्गिक मारक पेशींना (प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींना) दिले. २०१६ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध मेंदूदाहाच्या गंभीर घटनांनंतर २०१८ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले.

आता मूळ तक्रारीकडे येतो. बहिणीला भेटायला येणारे बहुतेक जण ‘हिची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ असे ठरवून गुळवेलीचा काढा नाहीतर गोळ्यांची डबी पुढे करतात. भावना चांगली, पण निदान अगदी उलटे. तिच्याकडे शक्तीची कमतरता नाही, त्या शक्तीवर आवर नाही. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला स्वयंप्रतिकारासारखी (प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर हल्ला केल्यासारखी) इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. पण तोवर स्वयंप्रतिकाराचा आजार असलेल्याने अशी वनस्पती आपल्या डॉक्टरांना न विचारता घेणे मला तरी धोक्याचे वाटते.

म्हणून एवढीच विनंती, की आपल्या आरोग्य पुरवणीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे लेख छापताना, मल्टिपल स्क्लेरोसिस, संधिवाताभ संधिदाह (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) किंवा ल्युपस असे स्वयंप्रतिकाराचे आजार असलेल्यांनी हा सल्ला स्वतःहून अमलात आणू नये, अशी ओळ लेखाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत द्यावी.

आपला,
एक वाचक, सातारा