सान कोस्मेची टपरी आणि तिची गिऱ्हाइकं

मेक्सिको सिटी
९ नोव्हेंबर

प्रिय डॉमनिक,

तुझं पत्र पोचलं. फेब्रुवारीत येतोयस हे वाचून फार आनंद झाला. मावशींची तब्येत सुधारली, हेही बरं झालं.

तू विचारलंस, मिशेलिन या फ्रेंच रेस्टॉरंट-गाइडचा तारा मिळालेली ती टाकोची (मक्याच्या पोळीवर मांस घालून देतात तो) टपरी खरंच एवढी भारी आहे का, आणि इथली माणसं तिच्याबद्दल काय म्हणतात. दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, कारण पहिल्याचं उत्तर मी देऊच शकत नाही. तिथला नावाजलेला टाको गाओनेरा. तो गोमांसाचा, आणि मी गोमांस खात नाही हे तुला माहीत आहे. मी तिथे चुलेता खातो, म्हणजे डुकराची चाप. ती उत्तमच असते. पण गाओनेराबद्दल मी इतकी वर्षं फक्त लोकांचं ऐकत आलोय, आणि ते मात्र मन लावून ऐकलंय.

आधी जागा डोळ्यांसमोर आण. सान राफाएल वस्ती, सान कोस्मे मेट्रोच्या जवळचा गजबजलेला रस्ता. फूटपाथवर मोजे, बॅटऱ्या, मोबाइलची कव्हरं विकणारे बसलेले, आणि त्यांच्या पाठीमागे जेमतेम दहा फूट बाय दहा फुटांचा गाळा: 'एल कालिफा दे लेओन'. १९६८ साली सुरू झालेला. लेओन गावचा रोदोल्फो गाओना हा इथला फार मोठा बुलफायटर. गाळ्याला त्याचं टोपणनाव दिलंय आणि टाकोला आडनाव. बसायला एकही खुर्ची नाही. टाको चारच प्रकारचे. पोलादी तवा ३६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. त्यावर मांसाचा पातळ काप पडतो, वर चिमूटभर मीठ आणि अर्धं लिंबू. शेजारीच तोर्तिया, म्हणजे मक्याची ताजी पोळी, फुगत असते. बघता बघता दोन्ही प्लॅस्टिकच्या ताटलीत. लाल किंवा हिरवी सालसा, म्हणजे चटणी, आपली आपण घ्यायची, आणि दोन्ही चांगल्याच झणझणीत.

मे २०२४ मध्ये मिशेलिनची मेक्सिकोसाठीची पहिली गाइड आली. एक तारा सोळा ठिकाणांना मिळाला, त्यांत टाकोची टपरी ही एकटीच. तव्यावरचे आर्तुरो रिव्हेरा मार्तिनेस वीसेक वर्षं तिथे उभे आहेत. मिशेलिनने त्यांना लांब बाह्यांचा पांढराशुभ्र शेफचा कोट आणून दिला, पण तिथल्या उकाड्यात त्यांनी तो अंगात घातला नाही. मला हे फार आवडलं. वीस वर्षं ज्या कपड्यांत काम केलं, त्यांतच त्यांनी ते पुढे चालू ठेवलं.

आता लोकांचं. जुन्या गिऱ्हाइकांना, म्हणजे आसपासचे दुकानदार, कचेऱ्यांतली माणसं, यांना टाको कसा होता विचार. चवीचं वर्णन कोणी करत नाही. 'नेहमीसारखा', एवढंच म्हणतात. सुरुवातीला मला हे उत्तर टाळल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, टपरीबद्दल याहून मोठं मत असूच शकत नाही. मिशेलिनचे परीक्षक नाव न सांगता येतात आणि पाच गोष्टी बघतात. त्यांतली एक हीच, की दर खेपेला दर्जा तोच राहतो का. म्हणजे परीक्षकांना जे तपासायला पुन्हा पुन्हा यावं लागतं, ते त्या दुकानदाराला आधीपासून ठाऊक होतं.

नाराज मंडळीही आहेत, आणि त्यांचं सगळंच खोटं नाही. तारा मिळाला तेव्हाच एका टाकोला जवळजवळ पाच डॉलर पडत होते. तेवढ्यात साध्या गाडीवर पोटभर जेवण होतं. मांस चांगलं आहे, तेव्हा किंमत मी समजू शकतो. रांगेचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. ज्याला जेवायला अर्धा तास सुट्टी आहे, तो पर्यटकांच्या मागे कुठवर उभा राहणार? ज्यांच्या पसंतीवर हा गाळा इतकी वर्षं चालला, त्यांनाच आता तिथे जेवणं अवघड झालंय.

दुसरी तक्रार मला अजिबात पटत नाही: 'यावर काहीच नसतं!' कांदा नाही, कोथिंबीर नाही, अननस नाही. हे म्हणणारे बहुतेक 'आल पास्तोर'वर वाढलेले. इथे आलेल्या लेबनीज लोकांच्या शावर्मावरून तो टाको घडला. मसाला मुरवलेलं डुकराचं मांस उभ्या सळईवर भाजतात आणि कापून देतात. तोही सुंदरच. पण वसईच्या पाचूबंदरावरून ताजं पापलेट आणलं की मावशी त्याला मिठाखेरीज काय लावतात, आठव. नुसत्या मीठ-लिंबावर मांस वाढायला हिंमत लागते, कारण वाईट मांस झाकायला हाताशी काहीच उरत नाही.

तिसरा गट मला सगळ्यांत प्रिय. ही माणसं म्हणतात, 'असेल चांगलं, पण आमच्या कोपऱ्यावरचा त्याहून चांगला.' या शहरात जवळजवळ प्रत्येकाचा स्वतःचा टाकेरो, म्हणजे टाकोवाला, असतो, आणि त्याच्यासाठी लोक घरच्या माणसाची बाजू घ्यावी तसे भांडतात. माझाही आहे, नार्व्हार्ते वस्तीत, घराजवळ. ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली, 'कोन कोपिया' म्हटलं की एकाखाली दुसरी तोर्तिया. मन भरेपर्यंत खायचं आणि शेवटी तो विचारतो, किती झाले? आपण सांगू तो आकडा तो खरा मानतो. त्याने कोणाला खोटं पाडलेलं मी पाहिलं नाही. त्याच्या गाडीला कोणी तारा देणार नाही. पण पाऊस कोसळत असला तरी ताडपत्रीखाली माणसं दाटीने उभी असतात, आणि मला ते मत कुठल्याही गाइडइतकंच वजनदार वाटतं.

तेव्हा फेब्रुवारीत आपण दोन्हीकडे जाऊ. सान कोस्मेला आठवड्यातल्या मधल्या दिवशी, जेवणाची वेळ टाळून. गाओनेरा तू खा. लहानपणापासून तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे. नाताळात तुमच्याकडचं डुकराचं मटण यंदा कुठे कमी पडलं, हे तू पहिल्या घासाला सांगायचास. पहिला टाको सालसा न घालता खा, आणि मग मला नीट सांग. मला त्याची खरी चव तुझ्याकडूनच कळणार आहे.

तिकीट काढलंस की तारखा कळव. मावशींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर