सागरेश्वर आणि गजीनृत्य एका दिवसात का दाखवत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या सांगली भागातली बरीच मंडळी आता टूरवाल्यांबरोबर दक्षिण आफ्रिकेला जायला लागलीत. क्रूझ रिचर्ड्स बे बंदराला लागली की दिवसभराची सहल असते, झुलू या तिथल्या जमातीचं गाव आणि जंगल दोन्ही. डिसेंबरात आम्ही ती केली आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे, हे आपल्याकडं का होत नाही.

झुलू वस्तीत मधोमध गुरांचा गोठा आणि त्याच्याभोवती गोल गवताची घरं. दार एवढं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आत शेणानं सारवलेली जमीन, एकदम गुळगुळीत, उजवीकडं पुरुषांनी बसायचं आणि डावीकडं बायकांनी. आमच्या आक्का बसल्या बसल्या जमिनीवरनं हात फिरवून बघत होत्या. मग नाच, ढोलावर पोरांचा पाय डोक्याच्या वर जातो आणि असा आपटतो की बसलेल्या जागी हादरा कळतो. ग्रुपमधले एकदोघं म्हणाले हे सगळं टुरिस्टसाठी चाललंय. असेना, पण १८७९ च्या इसांडलवानाच्या लढाईत झुलू लोकांनी इंग्रजांना कसं हरवलं हे तिथलाच पोरगा छाती काढून सांगत होता आणि त्या सांगण्याचे त्याला पैसे मिळत होते, यात वाईट काय?

दुपारनंतर ह्लुह्लुवे-इमफोलोझी, १८९५ पासूनचं राखीव जंगल. पांढरा गेंडा जवळपास संपला होता तेव्हा उरलेले थोडेसे इथंच होते, मग १९६० च्या दशकात तिथले वन अधिकारी इयान प्लेयर आणि त्यांच्या लोकांनी ते पकडून दुसऱ्या जंगलांत, दुसऱ्या देशांत नेऊन वाढवले. आता शिकाऱ्यांच्या भीतीनं २०२४ पासून तिथं गेंड्यांची शिंगं कापायला लागलेत. बिनशिंगाचा गेंडा बघून फार वाईट वाटलं, पण जीव तरी वाचतोय.

साहेब, आपल्या कडेगाव तालुक्यातलं सागरेश्वर अभयारण्य पण माणसानंच उभं केलंय. वृक्षमित्र धों. म. मोहिते अण्णांच्या ध्यासातनं उजाड डोंगरावर जंगल झालं, हरणं आणून सोडली. खाली जुनी महादेवाची देवळं, शेजारी देवराष्ट्रे, यशवंतरावांचं जन्मगाव. आणि जत-आटपाडीकडं आपल्या धनगर बांधवांचं गजीनृत्य, फेटा, हातात रुमाल, ढोलाचा ताल, आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. एवढं सगळं एका जिल्ह्यात असून बाहेरच्या माणसाला एका दिवसात दाखवायची सोय नाही, आणि गजी मंडळांना कार्यक्रमाला बोलवून नारळ-शाल देऊन वाटेला लावतात हे मला अजिबात पटत नाही.

वनविभाग आणि जिल्हा परिषदेनं मिळून हिवाळ्यात महिन्यातनं दोन रविवारी तरी सांगलीहून अशी बस सोडावी, गाईड देवराष्ट्र्याच्या आसपासच्या गावातलीच पोरं घ्यावीत, आणि तिकिटातला ठरलेला वाटा गजी मंडळाला त्याच दिवशी रोख द्यावा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली