शैक्षणिक साहित्यासाठी मुक्त साधने शिकवा

संपादक महोदय,

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी सातवीला पेशीरचना शिकवताना वाटलं, पुस्तकातल्या आकृतीसोबत मुलांना आपल्याच भागातल्या कांद्याचा पापुद्रा दाखवावा. आयोडीनचा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या भिंगाला मोबाइल टेकवून फोटो काढला आणि एका फुकट अ‍ॅपवर नावं टाकून तक्ता केला. छापून आला तेव्हा ‘पेशीभित्तिका’तला ‘त्त’ फुटला होता, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली होती आणि कोपऱ्यात अ‍ॅपचा शिक्का होता. मी तक्ता उतरवेपर्यंत एका मुलीने तो शब्द तसाच वहीत लिहून घेतला होता. तक्त्यावर आहे म्हणजे बरोबरच असणार, असं ती म्हणाली. ते मला अजून लागून राहिलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी गिंप आणि इंकस्केप ही दोन मुक्त सॉफ्टवेअर शिकले. फोटोची कामं गिंपवर करते: कातरणं, पिवळट झाक कमी करणं, ‘लेव्हल्स’ म्हणजे उजेड-अंधाराचं प्रमाण सरकवून केंद्रक उठून दिसेल असं करणं. नावं आणि बाण इंकस्केपवर, कारण तिथली अक्षरं कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. फोटो मात्र मुळातच मोठा लागतो. ए-४ कागदावर स्वच्छ छपाईसाठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल. गिंप आणि इंकस्केप दोन्हींत युनिकोड मराठीची जोडाक्षरं नीट जुळतात. मी ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट वापरते. छपाईवाल्याकडे फॉन्ट नसेल म्हणून पीडीएफ करण्याआधी मजकुराचे ‘पाथ’ करून घेते, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करते, पण आधी मूळ फाइल वेगळी जपून ठेवते. पाथ केल्यावर शब्द दुरुस्त करता येत नाही.

गिंप पहिल्या आठवड्यात अवघड जातं, हे खरं आहे. मला नुसते लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, समजायला तीन दिवस लागले. चित्र हाताने काढायचं असेल त्यांना क्रिटा आवडेल. फोटो सुधारायचं फोटोपीया ब्राउझरमध्ये चालतं, पण ते उघडायला नेट लागतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात दिवस-दिवस नेट नसतं.

माझं म्हणणं प्रशिक्षणाबद्दल आहे. तंत्रस्नेही शिक्षक घडवताना आम्हाला जी अ‍ॅप शिकवली जातात ती आज फुकट असतात. उद्या तोच साचा पैशांच्या कुलपात जातो आणि वर्षभराचं काम एका खात्यात अडकून बसतं. त्यावर काहींचा उपाय म्हणजे महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी. मलाही दुकानात ती सहज देऊ केली गेली. चोरीची वस्तू शाळेच्या संगणकावर नको, आणि तिच्यासोबत व्हायरस येतो तो वेगळाच.

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. गिंप १९९६ पासून लोकांच्या हातात आहे. त्याच्या आणि इंकस्केपच्या परवान्यानेच प्रती काढून वाटायची मुभा दिली आहे, त्यामुळे एका पेनड्राइव्हमधून केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांना ती राजरोस देता येतात. माझी मूळ फाइल (गिंपची एक्ससीएफ किंवा इंकस्केपची एसव्हीजी) पेठ-सुरगाण्यातला शिक्षक उघडेल, कांद्याच्या जागी त्याच्या भागातलं पान ठेवेल आणि नावं बदलेल. तयार जेपीजी पाठवली तर त्याला ती फक्त बघता येते. आज आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तेच चाललं आहे, आणि चुका असलेले तक्तेही तसेच पुढे जातात.

केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत या दोन साधनांसाठी सलग दोन तास द्यावेत आणि तक्त्यासोबत त्याची मूळ फाइलही मागावी, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे. नाशिक परिसरातल्या कोणत्याही केंद्राने बोलावलं तर सुट्टीच्या दिवशी मी पेनड्राइव्ह आणि कांद्याचा तक्ता घेऊन यायला तयार आहे.

– एक विज्ञान शिक्षिका, पंचवटी, नाशिक